बायांचं कॅरेट

३ सप्टेंबर, बुधवार. गौरी आदल्या दिवशी गेल्या होत्या. पितळी मुखवटे कोरड्या फडक्यानं पुसायचे, जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळायचे आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, हे काम मी सकाळी काढलं होतं. शेड सणासाठी बंद होतं आणि त्या दिवशी दुपारून सुरू व्हायचं होतं. म्हणजे हाताशी अर्धा दिवस आणि घरात तीन दिवसांचा पसारा. एक मुखवटा डब्यात गेला, दुसरा हातात होता, तेवढ्यात शेठचा फोन आला.

"मावशी, लवकर या. आणि एकट्याच या."

एकट्याच या म्हटलं की काम चांगलं नसतं. मुखवटा तसाच डब्यात ठेवला, सुनेला साड्यांच्या घड्या घालायला सांगितल्या आणि निघाले.

आमचं शेड पुणतांब्याहून राहात्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. आजूबाजूच्या गावांतली डाळिंबं तिथं येतात. एक नंबर, दोन नंबर, तीन, चार अशी त्यांची निवड होते, खोकी भरली जातात आणि माल लांब जातो. जे कशातच बसत नाही ते रसाला जातं, आणि रसाला गेलेल्या मालाचं शेतकऱ्याला फारसं काही मिळत नाही. निवडीच्या बायांची मुकादमी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मुकादम म्हटलं की लोकांना मिशा दिसतात. मिशा सोडल्या तर बाकी काम तेच. बाया जमवायच्या, टेबलांना बसवायच्या, हात चालू ठेवायचे, भांडणं वेळीच तोडायची.

जून महिन्यात शेडमध्ये मशीन आलं. पट्ट्यावरून फळ गोल फिरत एका बंद पेटीत जातं. आत कॅमेरे आणि दिवे आहेत. फळ पेटीतून बाहेर पडतं तेव्हा त्याचा नंबर ठरलेला असतो, आणि ते आपोआप त्या नंबरच्या तोंडातून खाली घरंगळतं. पूर्वी दोन रांगा भरून बाया बसत, आता निम्म्याहून कमी राहिल्या. फळ पट्ट्यावर ठेवायचं आणि निवडलेलं खोक्यात भरायचं, एवढंच हाताचं काम उरलं. कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही, हे मी ठरवलं. काही जणी त्यावरून अजून माझ्याशी बोलत नाहीत. कोणीतरी ठरवायचंच होतं.

मला मशीनचा राग नव्हता. आमच्याकडे आता बऱ्याच गोष्टी अशा लांबून ठरतात. उसाची तोड आधी कोणाला द्यायची हे पूर्वी चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, हातात असायचं. त्याला बांधावर बसवून चहा पाजता यायचा. आता आभाळातून काढलेले फोटो बघून कारखान्याचा कॉम्प्युटर कुठला ऊस पिकलाय ते सांगतो, आणि माझे धाकटे दीर त्याच्यावर चिडतात, कारण कॉम्प्युटर चहा पीत नाही. मी त्यांना म्हणायचे, तुमचा ऊस पिकला असेल तर तोड येईल की. मशीन बोलत नाही, रुसत नाही, एवढ्यावरच मी खूश होते. माझी दोन्ही मनगटं त्या निवडीनं गेलेली आहेत.

शेठच्या केबिनमध्ये पुण्याची मुलगी बसलेली होती. मशीनचं डोकं तिच्या कंपनीनं तयार केलेलं. वयानं माझ्या लेकीएवढी. चेहरा उतरलेला, समोर लॅपटॉप. शेठ उभेच होते. हे आमचे धाकटे शेठ. शिक्षण संपवून आले आणि दोनेक वर्षांपूर्वी वडिलांकडून धंदा हातात घेतला. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते आता शेडकडे येत नाहीत.

शेठनी सांगितलं ते असं. सणाच्या आधी पुणतांब्याच्या एका शेतकऱ्यानं त्याचा सगळा माल परत नेला. तुमची पेटी माझा चांगला माल रसात फेकते, म्हणाला. त्याच्या आधी आणखी दोघं कुरकुरले होते. म्हणून मुलीला बोलावून घेतलं. तिनं पेटीनं रसात टाकलेल्या फळांचे फोटो काढून बघितले, तर बरीचशी फळं एकाच तऱ्हेची. नुसता एक डाग, आत दाणा लालभडक. अशी फळं रसाला टाकायची हे मशीन कुठून शिकलं, तेही तिनं शोधून काढलं.

"शेवटचं टेबल," शेठ म्हणाले. "भाभीचं."

भाभी म्हणजे आमच्यातली सगळ्यात हुशार निवडणारी. मुसलमानाची बाई, नवरा कंबरेनं अधू, घर तिच्या रोजावर. कोणाला ठेवायचं हे ठरवताना पहिलं नाव मी तिचं घेतलं होतं.

मशीनला शिकवायचं काम हस्त बहाराच्या मालावर झालं होतं, उन्हाळा तोंडावर असताना. हीच मुलगी आली होती. प्रत्येक टेबलावर दांडीला एकेक कॅमेरा लावला. बाईनं फळ उचलायचं, कॅमेऱ्याखाली फिरवायचं आणि ज्या नंबरचं असेल त्या प्लॅस्टिकच्या कॅरेटात टाकायचं. मुलगी म्हणाली होती, त्याला काहीच माहीत नाही, तुम्ही जे कराल ते बघून तो शिकेल. आमच्यात एक चितळी गावची आहे, तिला आम्ही चितळीचीच म्हणतो. तिच्या तोंडाला कुलूप नाही. ती म्हणाली, "म्हंजी नवी सून आली म्हना. सासूचं बघून शिकल, आन मंग सासूलाच भाईर काढंल." सगळ्या हसल्या. त्यावर भाभी म्हणाली होती, "मी त्याला असं काय शिकवते बघा, शेठला आपल्याला परत बोलवायलाच लागंल."

शेठ तेव्हा तिथंच उभे होते. आता त्यांनी ते वाक्य शब्दाला शब्द म्हणून दाखवलं.

"मुद्दाम केलंय तिनं. उद्यापासून ती नको. तुम्हीच सांगा तिला. आणि मी शेडवाल्यांच्या ग्रुपवर टाकणार आहे. सगळेच मशीन घेतायत, त्यांना कळू दे बाई कशी आहे ती."

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "सर, कुणी काय केलं ते यात दिसतं. का केलं ते दिसत नाही."

"का ते मी ऐकलंय," शेठ म्हणाले.

मी बसले. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं, की केलं असेल. भाभी डोक्यानं तेज आहे. तिच्या टेबलाशेजारच्या तिन्ही बाया मशीन आल्यावर गेल्या, त्यातली एक तिची जाऊ. माणूस रागानं काहीही करतं. पण शेडवाल्यांच्या ग्रुपवर नाव जाणं म्हणजे राहात्यापासून श्रीरामपूरपर्यंत तिला कोणी दारात उभं करणार नव्हतं. डाळिंबाला नाही, पेरूला नाही, कांद्यालाही नाही. मी मुलीला म्हटलं, मला ते फोटो दाखव.

तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. भाभीचा हात, हातात फळ, फळ फिरतंय. पुढचा फोटो, परत तोच हात. पाच-सहा फळं बघितली आणि ओळखलं, ही तर बायांच्या कॅरेटातली फळं. सगळ्या फळांना डाग एकाच ठिकाणी होता, टोकाच्या मुकुटाखाली, नखाएवढा.

हे कॅरेट कसलं, ते इथंच सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी शेडला लागले त्याच्याही आधीपासून तिथं एक रीत होती. मुकुटाखाली खरचटलेलं फळ खायला उत्तम असतं, पण व्यापारी त्यावरून घासाघीस करतो. आबांनी कधीतरी सांगून टाकलं होतं, की रोजचं पहिलं कॅरेट असल्या फळांचं भरायचं आणि संध्याकाळी बायांनी वाटून न्यायचं, पोराबाळांना. माल आणणाऱ्या शेतकऱ्यांनाही ते ठाऊक होतं. काहीजण तर स्वतः म्हणायचे, बायांचं कॅरेट भरलं का. ते कॅरेट ठेवायची जागा ठरलेली, पाण्याच्या टाकीजवळ, शेवटच्या टेबलाशेजारी. म्हणून सगळ्या बाया तसलं फळ हाताला लागलं की बोलता बोलता पुढच्या टेबलाकडे सरकवायच्या, ती तिच्या पुढचीकडे, असं ते भाभीपर्यंत जायचं. भाभी ते कॅरेटात ठेवायची. कॅरेट भरायला जेवणाच्या सुट्टीची वेळ व्हायची. भरलं की ती वर पोतं टाकायची. पोतं पडलं की तसलंच फळ दोन नंबरात जायला लागायचं. कॅरेट एकच, त्याच्यावर एक फळ नाही. हा नियम आम्हीच इतका कडक पाळायचो, की नवी बाई आली तर तिला निवड शिकवायच्या आधी हे शिकवलं जायचं.

मशीनला शिकवताना प्रत्येक कॅरेटाला चिठ्ठी लावली होती. टाकीजवळच्या आमच्या कॅरेटासाठी वेगळी चिठ्ठी नव्हती, म्हणून त्याला रसाची लाल चिठ्ठी लागली. आमचे हात आपल्या सवयीनं चालले. फळं सरकत भाभीकडे गेली, भाभीनं ती तिच्या कॅमेऱ्याखाली फिरवली आणि नेहमीच्या कॅरेटात ठेवली. संध्याकाळी आम्ही नेहमीसारखी वाटून घेतली.

मी मुलीला विचारलं, "तुझे कॅमेरे दिवसभर चालू असायचे का गं?"

"नाही काकू. दुपारनंतर छताच्या त्या पारदर्शक पत्र्यातून फळांवर ऊन यायचं. फोटो खराब यायचे. जेवणाच्या सुट्टीला बंद करायचो आम्ही."

म्हणजे पोतं पडलेलं मशीननं कधी बघितलंच नव्हतं. मुकुटाखाली डाग म्हणजे रस, एवढंच ते शिकलं होतं, आणि त्याचं कॅरेट कधी भरतच नव्हतं. यंदा फुलं असताना वारा फार होता, त्यामुळे असली खरचटलेली फळं कॅरेटाच्या कॅरेट येत होती.

मला तिथल्या तिथं बोलता आलं असतं. बोलले नाही. धाकट्या शेठना ह्या रितीचं काही माहीत नव्हतं. ते येतात तेव्हा केबिनमध्ये फोनवर असतात. बाया मागच्या फाटकानं पिशव्या घेऊन जाताना त्यांनी पाहिल्या असतील, तर पडकी फळं नेतायत असं समजले असतील. आता सांगायचं म्हणजे, शेठ, आम्ही रोज तुमच्या शेडातून फळं घरी नेतो, मशीनला शिकवायच्या दिवसांतही नेली, आणि त्याचंच मशीनला वळण लागलं. एका बाईवरचा आरोप काढून तो सगळ्यांवर घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ होता. मी म्हटलं, मला आजचा दिवस द्या. शेठ म्हणाले, त्यात दिवस कसला द्यायचाय. तरी म्हणाले, ठीक आहे, उद्या सकाळी मशीन सुरू व्हायच्या आत तिला सांगून मोकळ्या व्हा, मी मेसेज तेव्हाच टाकतो.

दुपारून बाया आल्या. सणाचं गोड खाऊन सगळ्या सुस्त होत्या. पट्टा सुरू झाला. मी एरवी फिरत असते, त्या दिवशी पेटीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. रसाच्या तोंडातून एकामागून एक चांगली फळं घरंगळत होती. उचलून बघितलं की मुकुटाखाली तो डाग. आमच्याच बोटांनी दाखवून दिलेला. मला तिथं उभं राहवेना. खोकी मोजायला गेले, मध्येच सोडून आले, पाणी प्यायले, परत पेटीपाशी. चितळीचीनं ते बघितलं. म्हणाली, "मुकादमीणबाई, पायाला भवरा लागलाय का तुमच्या?"

चहाच्या वेळी भाभी खोक्यांचे पुठ्ठे आणायला गोदामात गेली होती. बाकीच्यांना मी सगळं सांगितलं.

पहिल्यांदा कोणाला पटेना. मग एकेकीच्या तोंडावरून कळत गेलं. एक म्हणाली, म्हणजे चोरच ठरलो की आपण. दुसरी म्हणाली, आबांनीच तर सांगितलेलं. चितळीची मात्र विचार करत होती. ती गप्प बसली की मला भीती वाटते.

"ऱ्हाऊ द्या तसंच," ती म्हणाली. "येडं हाय तर येडं ऱ्हाऊ द्या त्याला. आजून चार जनांनी माल परत नेला की शेठच म्हनंल, गुंडाळा ते मशीन, बोलवा बायास्नी. गेलेल्या समद्या परत येतील. तुमीच काढल्यात ना त्या, तुमीच आना परत."

यातलं शेवटचं वाक्य मुद्दाम मला लागावं म्हणून होतं, आणि लागलं. तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. मशीन असंच चुकत राहिलं असतं तर कदाचित खरंच तसं झालं असतं. आणि आपण सांगून ते दुरुस्त करायचं, म्हणजे आपल्याच हातानं त्याला धड करायचं. आज निम्म्या बाया आहेत. ते धड झालं की उद्या त्याच्याही निम्म्या.

"आणि भाभी?" मी विचारलं.

"चार दिस घरी बसंल. परत आनू तिला पन."

मी ग्रुपचं सांगितलं. राहात्यापासून श्रीरामपूरपर्यंत. चितळीचीनं चहाचा कप खाली ठेवला.

तेवढ्यात भाभी पुठ्ठे घेऊन आली. आमच्याकडे बघून तिनं ते खाली ठेवले. "मला बघून गप झाल्या, म्हंजी माझंच कायतरी हाय," ती म्हणाली.

मी तिला तिथंच सांगितलं. फिरवून सांगायला मला येत नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मग बायांकडे वळली. "तुमीच सरकवायच्या ना माझ्याकडं? मी नुसती ठेवायची." मग मला म्हणाली, "ताई, खरं सांगा. तुमाला बी वाटलं का, मी मुद्दाम केलं?"

"घटकाभर वाटलं," मी म्हटलं.

"मंग शेठचं काय चुकलं," ती म्हणाली, पुठ्ठे उचलले आणि खोकी जोडायला बसली. सुट्टी संपेपर्यंत ती मान खाली घालून खोकी जोडत होती. तिची खोकी नेहमीसारखीच सरळ झाली.

काम सुटल्यावर मी घरी न जाता आबांकडे गेले. त्यांचं घर गावात, नदीच्या बाजूला. ओट्यावर बसले होते, पायाला तेल लावत. मला बघून बरं वाटलं त्यांना. बस म्हणाले, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी चहा येण्याच्या आधीच विषय काढला. म्हटलं, आबा, तुम्ही एक शब्द सांगितला की काम होईल. रीत तुमची आहे, शेठना तुमच्याकडून कळलं तर वेगळं वाटेल.

आबांनी तेलाची वाटी बाजूला सारली.

"सांगितलं हुतं मीच," ते म्हणाले. "पर आता माझं नाव घेऊ नको. घरात त्याचं चालतं. त्याला वाटतं, बापानं धंदा असाच उधळला. मशीनच्या टायमाला लई बोलनी झाली आमची. आत्ता कुठं दोन टाइम शांत जेवतोय मी."

"भाभीचं काय मग?"

"तू हायेस की," आबा म्हणाले.

चहा आला. तो पिऊन मी उठले. आबांचा राग आला होता, पण त्यांना काय म्हणणार. म्हातारपणी माणसाला घरात जागा सांभाळून बसावं लागतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. वाटेत मला शिकवायच्या दिवसांतलं एक आठवलं. मुलीनं तेव्हा मला विचारलं होतं, काकू, काही फळं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर का जातायत. मी म्हटलं होतं, आमची सवय आहे ती, तू तुझं काम कर. तिनं चांगला प्रश्न विचारला होता. पण तेव्हा आम्ही कोणी त्याला प्रश्न समजलो नाही. आम्हाला वाटत होतं, मशीन फळं बघतंय. ते आमचे हात बघत होतं, आणि हात कुठल्या कामाला सरावलेत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही कोणी विचारलं असतं तर पटकन सांगता आलं नसतं.

घरी सुनेनं साड्यांच्या घड्या घातलेल्या होत्या, त्या मी उलगडून परत घातल्या. तिला राग आला असणार. डब्यातले मुखवटे परत बाहेर काढले, पुसले, ठेवले. आमचे यजमान म्हणाले, तू मध्ये पडू नकोस, मुकादमीही जाईल. मी म्हटलं, जाईल तर जाईल. पण तसं वाटत नव्हतं. मुकादमी माझ्या अंगाची झालीय, ती गेली तर दिवसभर करायचं काय, हे मला माहीत नाही. आणि चितळीचीचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. ज्या बाया मी काढल्या त्यांतल्या दोघी कांद्याच्या चाळीवर जातात, एक घरीच आहे. मी गप्प राहिले तर त्या परत येण्याची थोडी का होईना शक्यता होती. बोलले तर ती गेली. पण त्यांच्या येण्याचा भरवसा काही नव्हता, आणि भाभीचं जाणं सकाळवर आलं होतं. जे नक्की होणार आहे ते आधी थांबवायचं, असं ठरवलं आणि आडवी झाले. झोप मात्र धड लागली नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी शेडला गेले. रसाच्या ढिगातून मुकुटाखाली डाग असलेली फळं वेचून एक पाटी भरली आणि शेठच्या टेबलावर नेऊन ठेवली. शेठ आले, मुलगी आली. मी दोन फळं फोडली आणि बोलायला लागले. पहिल्या कॅरेटापासून पोत्यापर्यंत सगळं सांगितलं. फळं सरकत भाभीकडे कशी जायची तेही, आणि संध्याकाळी पिशव्या कशा भरायच्या तेही. म्हटलं, ग्रुपवर नाव टाकायचंच असेल तर माझं टाका. हे सगळं माझ्या मुकादमीत झालंय. भाभी फक्त शेवटच्या टेबलाला बसायची.

शेठचा चेहरा तापलेला होता. "म्हणजे रोज कॅरेटभर माल बाहेर जात होता आणि मला पत्ता नाही."

"शेतकऱ्यांना पत्ता होता," मी म्हटलं. "पुणतांब्यात कुणालाही विचारा."

"आबांना माहीत होतं?"

"ते तुम्ही घरी विचारा," मी म्हटलं.

मुलगी मध्येच लॅपटॉप उघडून बसली होती. तिनं दुसऱ्या टेबलांचे फोटो काढले, त्यात फळं सरकताना दिसत होती, बायांचे हात एकीकडून दुसरीकडे. शेठना तिनं ते दाखवलं. म्हणाली, माझंच बघायचं राहिलं, सर, मी फक्त शेवटचं टेबल बघितलं. मग मला म्हणाली, "काकू, पहिल्यापासून शिकवावं लागेल. दुपारचंसुद्धा. पत्र्याला आतून पडदा लावू."

शेठनी फोडलेल्या फळातले चार दाणे तोंडात टाकले, चघळले, आणि फोन खिशात ठेवला. मेसेज टाकणार नाही असं ते म्हणाले नाहीत, पण टाकला नाही. म्हणाले, "आजपासून शेडातून एक फळ बाहेर जाणार नाही, मावशी. ते कॅरेट बंद." मी म्हटलं, त्यावर आपण नंतर बोलू, मी शेतकऱ्यांना घेऊन येईन.

कॅमेरे गोदामातच पडून होते. ते काढले, पुसले, दांड्यांना बांधले. टाकीजवळचं कॅरेट मी स्वतः उचलून बाहेर ठेवलं. बाया आल्या तेव्हा चितळीचीनं मांडलेली टेबलं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या जागेला बसली. मी सांगितलं, आजपासून फळ सरकवायचं नाही, जिच्या हाताला लागेल तिनंच ठरवायचं. भाभी शेवटच्या टेबलाला जायला निघाली, तिला मी पहिल्या टेबलाला बसवलं. ती बसली, पण माझ्याशी बोलली नाही. शेवटच्या टेबलाला मी बसले. मुलीनं कॅमेरा चालू केला. मी पहिलं फळ उचललं, मुकुटाखालचा डाग कॅमेऱ्यासमोर धरला, फळ सावकाश फिरवलं आणि दोन नंबरात टाकलं.